डावा खांब

आमच्या गावाची मॅच असली की मला सकाळपासून तीन वेळा संडासला जावं लागतं. मी खेळत नाय. मी नुसता बघणारा. तरी पोट बिघडतं ते माझं. जे खेळणार असतात ते पाव आणि कालवण दाबून जेवून दुपारी ओसरीवर घोरत पडलेले असतात.

हातपाय पण ठिकाणावर राहत नाय त्या दिवशी. एकदा आयने सांगितलं, वाडीत जा आणि तयार झालेलं लोंगर कापून आण. मी कोयता घेऊन गेलो आणि केळीचा अख्खा घड आणला तो हिरवागार, एकेक केळं माझ्या करंगळीएवढं. आयने बघितलं, कपाळाला हात लावला आणि एवढंच विचारलं, "मॅच आहे ना आज?"

मी सायकलवरून भाजी आणि केळी घेऊन स्टेशनजवळच्या बिल्डिंगांत द्यायला जायचो. तिथे तिसऱ्या मजल्यावर एक साहेब राहायचे, मुंबईला ऑफिसात जाणारे, माणूस चांगला. एका सोमवारी माझा आवाज बसलेला बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काल मॅच हरलो. "तुम्ही खेळता?" म्हटलं, नाय. "भाऊ खेळतो?" नाय. "मग हरलात तर तुमचं काय गेलं?"

मी तिथे दुधी हातात धरून उभा राहिलो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही चौथीत दोनदा बसून. मला उत्तर आलं नाय. जिना उतरताना पण तेच डोक्यात. माझं काय गेलं? बरोबर आहे त्यांचं. आणि तरी रविवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

उत्तर मला अजून नीट येत नाय. पण माझ्या लग्नाच्या वर्षी जे झालं ते सांगतो. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. त्यात कुठेतरी असेल उत्तर तर तुम्हीच शोधा.

मॅच मी आमच्या गोलच्या मागून बघायचो. आधी तिथे कसा पोचलो ते. मी आमच्या गिरीजच्या टीममध्ये होतो, राखीव. राखीव म्हणजे बर्फाची पिशवी आणि लिंबं सांभाळणारा. एका मॅचला आमचे तीन जण जखमी झाले आणि कप्तानाला माझ्याशिवाय कोण दिसेना. मी हाफटाइमनंतर आत गेलो. पाचव्या मिनिटाला बॉल माझ्याकडे आला, मी धावत सुटलो, समोर गोल दिसला आणि असा मारला की तसा मी परत कधी मारला नाय. दोन्ही हात वर करून मी अर्धं ग्राउंड धावलो. मागे कोण येत नाय म्हणून वळून बघितलं तर आमचे सगळे कमरेवर हात ठेवून उभे. हाफटाइमला बाजू बदलतात हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

त्यानंतर कप्तान म्हणाला, "तू आपल्या गोलच्या मागे उभा राहा. तिथून तू काय बिघडवू शकत नाय."

गोलमध्ये माझा लहानपणचा दोस्त उभा राहायचा. त्याला सगळे गोली म्हणायचे, त्याची आयसुद्धा. आठवडाभर तो सातिवलीला एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि रविवारी गोल अडवायचा. पहिल्याच मॅचला मी जाळीच्या मागे उभा, हातात बांबूची काठी, अंगावर डास. समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मला ते बघवेना, म्हणून मी घाबरून काठी डाव्या खांबावर आपटली. गोली डावीकडे उडाला आणि बॉल त्याच्या हातात. उठला आणि धुळीने भरलेल्या तोंडाने मला म्हणाला, "तुला कसं कळलं रे?"

मी म्हटलं, "कळतं मला."

ते खोटं होतं. पण पुढची आठ वर्षं गोली पेनल्टीच्या आधी कान मागे ठेवायचा. मी डाव्या खांबावर ठोकलं की डावीकडे, उजव्यावर ठोकलं की उजवीकडे. निम्म्या वेळा तो चुकायचा, पण चुकलेल्या कोण लक्षात ठेवतं. घरात माझं कोण ऐकत नव्हतं. आय नाय, गोठ्यातली म्हैस नाय. आणि हा गडी माझ्या एका टकटकीवर अंग झोकून द्यायचा. त्याच्या कोपराची साल निघायची माझ्या शब्दावर. साहेबांना हे जिन्यात सांगायला पाहिजे होतं, पण तेव्हा सुचलं नाय.

आता लग्नाचं. आयने शेजारच्या सांडोर गावची एक मुलगी बघितली. मी पण बघितली, आणि मला घाम फुटला, म्हणजे आवडली. तिचे वडील पानवेलीची वाडी करायचे. बोलायला कमी. सांडोरची एकही मॅच त्यांनी सोडली नव्हती म्हणे. आमच्या गावच्या ग्राउंडाच्या मधोमध कडेला एक आडवा पडलेला माडाचा बुंधा होता, त्यावर त्यांची जागा ठरलेली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "फायनल तुमची न् आमचीच आहे. त्या दिवशी माझ्या बाजूला येऊन बस. मग सांगतो काय ते."

"तुमच्या बाजूला, काका?"

"मग काय झाडावर बसतोस?"

ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते. भातशेतं रिकामी, जमीन कडक, फायनल आमच्याच गावच्या शेतात, तेच आमचं ग्राउंड. मी गोलीला सांगितलं तेव्हा तो बूट शिवत होता. त्याने सुई खाली ठेवली.

"म्हणजे तू माझ्या मागे नसणार."

"एक दिवस रे. लग्नाचा प्रश्न आहे."

"आणि पेनल्टी आली तर?"

"नाय येणार."

"तू बोललास ना, म्हणजे येणारच," गोली म्हणाला आणि परत बूट शिवायला लागला.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी सांडोरला केळी द्यायला जायचो. गिऱ्हाईक नव्हतं तिथे माझं, पण मुलगी दिसेल म्हणून. मुलगी दिसली नाय. सांडोरचा पेनल्टी मारणारा मात्र रोज दिसला, एकटाच भिंतीवर मारत. तीन सकाळी बघितला. प्रत्येक बॉल त्याच बाजूला, गोलकीपरच्या डाव्या हाताला. आयुष्यात पहिल्यांदा मला खरंच काहीतरी कळलं होतं, आणि नेमकं त्याच रविवारी मी खांबाजवळ नसणार होतो. गोलीला सांगायला गेलो तर तो ओव्हरटाइमला सातिवलीला. दोनदा गेलो, दोनदा तेच. निरोप ठेवायची हिंमत झाली नाय, वाडीला कान असतात आमच्याकडे.

फायनलच्या दिवशी आय म्हणाली, "मेल्या, तोंड उघडू नकोस. तुझं तोंड बंद असलं की तू बरा दिसतोस." खिशात चार सुकेळी घातली. म्हणाली, ओरडावंसं वाटलं की एक तोंडात टाक. सुकवलेलं केळं चघळायला वेळ लागतो.

मी पोचलो तोच काकांनी बोलावून बुंध्यावर बसवलं, गोलीला गाठता आलंच नाय. सगळीकडे सांडोर. माझी माणसं समोर. आमच्या गोलच्या मागे माझी जागा रिकामी, काठी जाळीला टेकवून ठेवलेली. गोलीनेच ठेवली असणार. ती बघितली आणि मी पहिलं सुकेळं खाल्लं. मॅच सुरू व्हायच्या आधी.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही गोल मारला. आमच्याकडे आख्खं गिरीज उडालं, फटाके, ढोल. मी बसून. मांड्यांखाली दोन्ही हात दाबले, पाय मात्र जमिनीवर शिलाई मशीनसारखे चाललेले. काकांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी तिसरं सुकेळं तोंडात कोंबलं. समोरून कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, "अरे ऊठ ना, कोणाचा तू?" मी मान खाली घातली. खरं सांगतो, इतकं घाण मला कधी वाटलं नव्हतं. उलट्या गोलला पण नाय.

मग शेवटाला पाच-सहा मिनिटं असताना सांडोरला गोल मिळाला. एक-एक. आणि लगेच पुढच्या धावपळीत आमच्या एकाच्या हाताला बॉल लागला.

पेनल्टी.

गोली लाइनवर गेला. त्याने मागे वळून बघितलं. मागे काठी. मग तो ग्राउंडावर शोधायला लागला, कपाळावर हात धरून, उन्हात. पूर्ण ग्राउंड थांबलेलं आणि हा मला शोधतोय. त्याची नजर बुंध्यावर आली आणि तिथेच थांबली.

माझ्या तोंडात चौथं सुकेळं. बाजूला होणारा सासरा. कसा उठलो ते मला माहीत नाय. मी बुंध्यावरच चढलो होतो, हे नंतर लोकांनी सांगितलं. "डावा, डावा" म्हणून ओरडलो, पण त्या गोंधळात कोणाला ऐकू जाणार. म्हणून हात केला. माझा डावा हात, असा सरळ बाहेर, खांद्यातून निखळेल इतका लांब.

गोलीने हात बघितला. मान हलवली. आणि हात ज्या बाजूला होता त्या बाजूला उडाला.

बॉल दुसऱ्या बाजूने आत गेला.

आठ वर्षं मी त्याच्या मागे उभा होतो. त्याचा डावा तोच माझा डावा. त्या दिवशी मी त्याच्या समोर होतो, आणि समोरासमोर उभं राहिलं की माझा डावा हात त्याच्या उजवीकडे जातो. हे पोराला पण कळतं. मला रात्री बिछान्यात कळलं.

पण ग्राउंडावर काय झालं ते वेगळंच. सांडोरच्या लोकांनी मला बुंध्यावरून उचललं. "जावई, जावई" करून खांद्यावर घेतला. त्यांना वाटलं मी मुद्दाम गोलीला फसवला. खांद्यावरून मी समोर बघितलं, तर आख्खं गिरीज पण तेच समजून माझ्याकडे बघत होतं. गोली धुळीत बसलेला. तो बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी केळी घेऊन निघालो तर गल्लीत कोण बोलेना. गोलीच्या दारात गेलो. तो आतूनच म्हणाला, "लग्नाआधी देवळात तीन रविवार तुमची नावं वाचतील ना? कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून फादर विचारतील ना? मी उठणार. सांगणार, ह्याने एक मुलगी बघून गाव सोडला. उद्या दुसरी बघून तिला पण सोडेल."

"अरे माझा हात चुकला."

"आठ वर्षं नाय चुकला."

म्हटलं, बाबा, आठ वर्षं मी नुसतं ठोकत होतो. ते त्याने ऐकलं नाय, किंवा ऐकायचं नव्हतं त्याला.

मी देवळात कुमसाराला, पाप कबूल करायला, गेलो. गुडघे टेकून फादरना सगळं सांगितलं, हाताच्या बाजूसकट. फादरनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाप मुद्दाम केलेलं असतं. हा मूर्खपणा आहे. ह्याला माझ्याकडे प्रायश्चित्त नाही." म्हणजे तिथूनही मोकळ्या हाताने परत.

मग उरले सांडोरचे काका. ते मला जावई करायला निघाले होते ते मी गावाशी दगा केला म्हणून. असं लग्न मला पचेना. सायकल घेतली, दोनदा अर्ध्यातून परत फिरलो, तिसऱ्यांदा पोचलो. ते वाडीत पानं खुडत होते. मी एका दमात सांगितलं. "काका, मी तुमच्या बाजूने नव्हतो. मी त्याला खरी बाजू दाखवत होतो. माझा हात उलटा गेला. मुलगी द्यायची नसेल तर नका देऊ."

त्यांनी पानं खुडणं थांबवलं नाय.

"मला माहितीये," ते म्हणाले.

"काय?"

"मी तुझ्या बाजूलाच होतो. डावा डावा म्हणून माझ्या कानात बोंबललास. हात उलटा जातोय ते पण दिसलं मला."

"मग सांगितलं का नाय?"

चौथीचे मास्तर बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आमची पेनल्टी होती," ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू शेवटपर्यंत बसून राहिला असतास तर मी तुला चहा पाजून घरी पाठवणार होतो. पण तुझ्या गावात तुझ्या नावाला हरकत निघाली तर मी काय करू शकत नाय. ते तू बघ."

निघताना मुलगी विहिरीपाशी दिसली. तिला पण सांगावं म्हणून मी सगळं परत सांगायला लागलो, तो हात, ती बाजू. ती ऐकत होती आणि हळूहळू तिचं तोंड पडत गेलं. म्हणाली, "म्हणजे तो हात गोलकीपरला होता? मी त्याच बाजूला बसले होते. मला वाटलं मला हात करताय. एवढ्या लोकांत. म्हणून मी हो म्हटलं घरी."

मी म्हटलं, "अर्धा तुला होता." ती म्हणाली, "खोटं बोलता येत नाय तुम्हाला." पण हो मागे घेतला नाय.

पहिला रविवार. मिस्सेची प्रार्थना झाली, फादरनी नावं वाचली, गिरीजचा अमका, सांडोरची अमकी, कोणाला अडचण ठाऊक असेल तर कळवावं. आख्खं देऊळ गोलीकडे वळलं. गोली वर पंख्याकडे बघत बसला. उठला नाय. मला सुटका वाटली, पण बाहेर पडताना तो म्हणाला, "अजून दोन आहेत."

दुसऱ्या रविवारी त्याने फक्त समोरच्या बाकावर हात ठेवला, उठल्यासारखा. माझ्या बाजूला आय जपमाळ इतकी जोरात ओढत होती की मणी तुटतील. तो परत टेकला. तो आठवडा मी जेवलो किती ते आठवत नाय. सायकल दोन वेळा गटारात घातली. साहेबांना कोबीच्या ऐवजी फ्लॉवर दिला.

बुधवारी संध्याकाळी कामावरून येताना गोली सायकल घेऊन आमच्या दारात थांबला. "चल," म्हणाला. ग्राउंडावर नेलं. खांब अजून काढले नव्हते. मला म्हणाला, "बुंध्यावर जा. त्या दिवशी जसा उभा होतास तसा राहा." आणि स्वतः गोलच्या लाइनवर जाऊन उभा राहिला, कामाच्या कपड्यांत, डबा हातात.

तिथून ओरडला, "मी डावीकडे जाऊ असं तुला सांगायचंय. दाखव."

मी तीन आठवडे हाच विचार करत होतो. मला आता पक्कं माहीत होतं. त्याचा डावा म्हणजे माझा उजवा. जपमाळेसारखं घोकलेलं. पण तो समोर लाइनवर वाकून उभा राहिला, गुडघ्यांवर हात, माझ्याकडे बघत, आणि माझ्या पोटात तेच सुरू झालं जे मॅचला होतं. बॉल नव्हता. मारणारा नव्हता. तरी मी हात केला. जोरात, खांद्यातून.

डावा.

गोली बराच वेळ तसाच वाकून माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याने डबा सायकलला अडकवला आणि निघून गेला. मी बुंध्यावर हात तसाच बाहेर धरून उभा. हात खाली घ्यायला पण सुचलं नाय.

तिसरा रविवार. फादरनी नावं वाचली. अडचण, हरकत वगैरे म्हटलं. आणि गोली उठला. पूर्ण उठला. बाकं करकरली, सगळे वळले. आयची माळ थांबली. माझं पोट इतकं पिळवटलं की मला वाटलं आता देवळातूनच पळावं लागणार.

फादरनी चष्म्यावरून बघितलं. "बोल. काय हरकत आहे?"

गोली म्हणाला, "हरकत नाय, फादर. फक्त सांडोरवाल्यांना एवढं कळवा की ह्याला डावं-उजवं कळत नाय. मी स्वतः तपासलंय. नंतर आमच्या गावाला दोष नको."

फादर खाली कागदाकडे बघत राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. मग सगळं देऊळ हसायला लागलं, आयसुद्धा. मी पण हसलो असेन, पण मला आठवतं ते एवढंच की मांडीखाली दाबलेले हात मी बाहेर काढले.

लग्नात गोली माझ्या मागे उभा होता. अंगठीची वेळ आली आणि फादर म्हणाले, हात पुढे कर. मी विचार करत राहिलो, तेवढ्यात मागून त्याने माझं मनगट धरून बरोबर हात पुढे केला आणि कानात म्हणाला, "हा."

मे महिना होता. देवळाच्या बाहेर मैदानात पोरं खेळत होती, बॉल भिंतीवर आपटल्याचा आवाज आत येत होता. प्रत्येक आवाजाला माझा पाय हलायचा. कोण जिंकतंय, किती झाले, काय कळत नव्हतं आणि मान वळवता येत नव्हती. चौथ्या की पाचव्या आवाजाला नवऱ्या मुलीने झग्याखालून आपला बूट माझ्या बुटावर ठेवला आणि मिस्सा संपेपर्यंत तसाच दाबून धरला.